चढावर अडकलेली हवा संगणकात कशी पकडायची?

गिरणेचा पाट (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

भडगावकडे आमची विहीर गिरणेच्या काठाला आणि शेत वर टेकाडावर. मधे १४०० मीटर पाईपलाईन. चार इंची, म्हणजे ११० मिमी पीव्हीसी, सहा केजी दाब सोसणारा पाईप. साडेसात एचपीची मोटार. दोन वर्षांत लाईन तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी. विहिरीपासून साधारण ७०० मीटरवर नाला ओलांडला की एक बांध लागतो. पाईप तिथे वर चढतो, पुन्हा खाली उतरतो आणि मग शेताकडे हळूहळू चढत जातो. त्या मधल्या उतारावरच फुटतो. फुटायची वेळही ठरलेली: लाईट येते, ऑटोवर मोटार सुरू होते आणि मिनिटाभरात धाड्. महिने मार्च ते मे.

मी एम.टेक. करतोय आणि प्रकल्पाला हाच विषय घेतलाय. बांधावर हवा अडकते एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे. ती किती अडकते, कुठवर पसरते आणि पाणी आलं की जाते की बसून राहते, हे मला संगणकावर चालवून बघायचं आहे. हवा आणि पाणी यांच्यामधली हद्द सतत सरकत असते, सगळं गणित तिच्यापाशी अडतं.

आधी लेव्हल सेट या हद्द धरायच्या पद्धतीचा स्वतः लिहिलेला कोड चालवला. त्यात बुडबुडा वाहून न जाताच बारीक होत गेला आणि शेवटी गायब झाला! मग ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं इंटरफोम घेतलं. त्यात हवा टिकते, पण हद्द फेसासारखी पसरते आणि ४० सेकंदांत सगळी हवा उतारावरून निघून जाते. खरी लाईन अशी वागत असती तर फुटली नसती.

गणितासाठी पाईपचे जे छोटे छोटे चौकोन पाडतात ती जाळी दोन मितींची आहे, पाईपच्या व्यासात १० घरं. मी कुठे चुकतोय? कोणती पद्धत घ्यावी?

ठिबकवाला
शुक्रवार, रात्री ९.५२

एअर वॉल्व आहे का बांधावर?

गिरणेचा पाट
शुक्रवार, रात्री ९.५५

आहे, एक इंची. बांधाच्या माथ्यावर. चालू आहे, मी स्वतः खोलून साफ केला.

पांझराकाठ
शुक्रवार, रात्री १०.१०

भो, पाईपमा हवा शे तर हवा काढ ना. संगनकमा काय दखी राह्यना? :)

मस्करी बाजूला. आमच्याकडे साक्रीच्या बाजूला असंच होतं. वॉल्व असूनही. वाचतोय.

तापीची लेक
शुक्रवार, रात्री ११.३०

माहेर अमळनेर, नोकरी पुण्यात, आणि दिवसभराचं काम नेमकं हेच, दोन द्रवांमधली सरकती हद्द. त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या दोन्ही अडचणी त्या त्या पद्धतीच्या स्वभावातल्या आहेत. १९६५ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत हार्लो आणि वेल्च यांनी पाण्यात खुणेचे कण सोडले, खरे नव्हे, गणितातले. कण जिथे तिथे पाणी, नसतील तिथे रिकामं. कल्पना सुरेख, पण कण सांभाळणं महाग पडतं. १९८१ साली हर्ट आणि निकोल्स यांची व्हीओएफ (व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड) पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात जाळीच्या प्रत्येक घरात एकच आकडा ठेवायचा, त्या घराचा किती भाग पाण्याने भरलाय. १ म्हणजे पाणी, ० म्हणजे हवा, मधला आकडा म्हणजे हद्द या घरातून जाते. ही पद्धत हिशेबाला चोख आहे. एका घरातून गेलेलं पाणी शेजारच्या घरात जमा होतंच. पण हद्द नेमकी कुठून आणि कशी तिरकी जाते हे तो आकडा सांगत नाही, ते आपल्याला बांधावं लागतं.

लेव्हल सेट १९८८ ची, ओशर आणि सेथियन यांची. तिथे प्रत्येक घराला विचारायचं की हद्द तुझ्यापासून किती लांब. एका बाजूला अंतर धन, दुसऱ्या बाजूला ऋण, शून्य जिथे तिथे हद्द. हद्दीचं वळण काढायला यासारखी सोपी पद्धत नाही. पण पाणी किती आणि हवा किती याची वही ती ठेवत नाही. अंतरं पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना हद्द थोडी थोडी सरकते आणि बारीक बुडबुडे तर अक्षरशः विरघळतात. तुमचा बुडबुडा असा गेला. कोडमध्ये चूक असेलच असं नाही. म्हणूनच २००० साली ससमन आणि पकेट यांनी दोन्ही पद्धती जोडल्या: हिशेब व्हीओएफचा, वळण लेव्हल सेटचं.

आता इंटरफोम. ते हद्द भूमितीने बांधत नाही. एक जादाचं पद हद्दीला दोन्ही बाजूंनी दाबत राहतं, म्हणजे ती पसरू नये. जाळी बारीक असेल तर चालतं. व्यासात १० घरं म्हणजे एक घर सेंटीमीटरचं, आणि हद्द तीन-चार घरांत पसरते. तुमच्या चार इंची पाईपात तीन-चार सेंटीमीटर जाडीचा नुसता ढग! तो ढग पाण्याबरोबर वाहणारच. ओपनफोममध्येच आयसोॲडव्हेक्टर आहे, २०१६ पासूनची पद्धत. त्यात प्रत्येक घरात हद्दीचा तुकडा खरोखर कापला जातो. तो वापरून बघा. आणि दोन मिती सोडा. गोल पाईपात हवा वरच्या कमानीला चिकटून बसते, तो आकार दोन मितींत येतच नाही.

सगळ्यात आधी, बांधाकडे जाण्यापूर्वी, झालेसाकची चकती चालवा, १९७९ ची कसोटी. खाच पाडलेली चकती एक पूर्ण फेरी फिरवायची आणि खाच जशीच्या तशी परत आली का बघायची. पाच मिनिटांत कळतं आपली हद्द किती झिजते ते.

खानदेशी तडका
शनिवार, सकाळी ८.०५

तापीची लेक ताई, काल रात्री हे वाचलं आणि आज सकाळी शेवभाजी करताना हात थांबला. रश्श्यावर तर्रीचे गोल गोल थेंब. चमच्याने दोन जवळ आणले, जरा वेळ शेजारी शेजारी बसले आणि मग टुपकन एक झाले. मुलांना बोलावून दाखवलं. हेच का ते?

तापीची लेक
शनिवार, सकाळी ८.४०

अगदी हेच! आणि तुम्ही नकळत सगळ्यात अवघड जागेवर बोट ठेवलंत. दोन थेंबांमध्ये रश्श्याचा पापुद्रा असतो. तो पातळ होत होत शेवटी फाटतो. खरा पापुद्रा फाटतो तेव्हा तो आपल्या जाळीतल्या एका घरापेक्षा कितीतरी पातळ असतो. व्हीओएफ आणि लेव्हल सेट यांत दोन हद्दी एकाच घरात आल्या की थेंब आपोआप एक होतात, म्हणजे वेळेच्या आधीच. १९९२ साली उन्वेर्दी आणि त्रिग्वासन यांनी हद्दीवरच मण्यांची माळ ओवून ती माळ सरकवली. तिथे थेंब आपोआप एक होत नाहीत, माळ कधी तोडायची आणि जोडायची ते आपण ठरवायचं.

शेवभाजीत काळा मसाला घरचा का?

खानदेशी तडका
शनिवार, सकाळी ८.४४

घरचाच. अमळनेरला आलात की या जेवायला.

गणितवेडा
शनिवार, दुपारी १.२०

तापीची लेक यांच्याशी पद्धतींबद्दल सहमत, पण एका मोठ्या गोष्टीवर नाही. चर्चा "कोणती पद्धत" इथे अडकली आहे. माझ्या मते आधी विचारायला हवं, कोणता प्रश्न.

धागाकर्त्याचे प्रश्न दोन आहेत आणि तो एकाच सॉल्व्हरकडून, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, दोन्हींची उत्तरं मागतोय. पहिला: हवा बांधावर राहते की जाते? दुसरा: मोटार सुरू झाल्यावर पाईप का फुटतो? इंटरफोम दोन्ही द्रव दाबले न जाणारे धरतं. हवासुद्धा! म्हणजे तुमच्या संगणकातली हवा लोखंडासारखी आहे. अडकलेल्या हवेची जी स्प्रिंग दाबली जाऊन उसळते, ती तिथे नाहीच. हे मॉडेल हजार वर्षं चालवलं तरी पाईप फुटल्याचं दिसणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जाळीची गरजच नाही. विहिरीपासून बांधापर्यंत ७०० मीटर पाणी. तुमच्या पाईपचा आतला व्यास साधारण १०३ मिमी, म्हणजे मीटरला ८.३ लीटर. ७०० मीटरला जवळजवळ सहा टन. हे सहा टन एक दांडा धरा. समोर हवा, तिचा दाब गुणिले आकारमानाचा १.२ वा घात कायम. एक समीकरण. एक्सेलमध्ये छोट्या छोट्या पावलांनी सोडवा, दाबाचा झोका डोळ्यांसमोर दिसेल. हवा भरपूर असेल तर ती गादीचं काम करते. मधल्या आकाराचा हवेचा खिसा सगळ्यात घातक. हवेचा शेवटचा तुकडा निघून गेला आणि पाण्यावर पाणी आदळलं तर धक्का जुकोव्स्कीच्या सूत्राने येतो: लाटेचा वेग गुणिले पाण्याचा वेग भागिले गुरुत्व. पीव्हीसीत लाटेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. पाण्याचा वेग ०.९५ मीटर धरला तर धक्का ३९ मीटर उंचीचा, म्हणजे चार केजीच्या जवळ. लाईनचा नेहमीचा दाब त्यावर मिळवा. पाईप सहा केजीचा आहे. हिशेब समोर आहे.

पहिल्या प्रश्नाला मात्र सरकती हद्द लागेल. पण सगळी १४०० मीटर नको. ४ मिमीची घरं घेतली तर काटछेदात ५२० घरं, आणि पूर्ण लाईनला १८ कोटींवर जातात. फक्त बांधाचे १२ मीटर घ्या, १५ लाखांत भागतं. दोन्ही टोकांना दांड्याच्या मॉडेलमधून आलेला प्रवाह द्या.

आणि पृष्ठताण काढून टाका. चार इंची पाईपात गुरुत्व पृष्ठताणापेक्षा १४०० पट भारी आहे. ठेवलात तर हद्दीवर खोटे भोवरे फिरतील, शिवाय घर निम्मं केलं की वेळेचं पाऊल २.८ पट लहान करावं लागेल.

तापीची लेक
शनिवार, दुपारी २.०५

हवा दाबली जाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तो लिहायला हवा होता. दांडा-स्प्रिंगही मान्य.

पृष्ठताण काढायला माझा विरोध. खिशाच्या मोठ्या आकाराला तो लागत नाही हे खरं. पण खिशाच्या शेपटीकडे काय होतं ते बघा. उतारावर पाणी हवेखालून पातळ थराने पळत जातं आणि पुढे भरलेल्या पाण्याला धडकतं. तिथे जलोसळी होते, म्हणजे वेगाचं पाणी एकदम उसळून संथ होतं, खळखळतं आणि हवेचे मिलीमीटरभर बुडबुडे उचलतं. हवा बांधावरून जाते ती मुख्यतः याच वाटेने, चिमटी चिमटीने. तो बुडबुडा केवढा होणार हे पृष्ठताण ठरवतो. तुम्ही तो काढलात तर हवा किती वेगाने जाते हे ठरवणारी गोष्टच काढलीत.

गणितवेडा
शनिवार, दुपारी २.३१

आणि ४ मिमीच्या घरात मिलीमीटरचा बुडबुडा कसा दिसणार आहे? पृष्ठताण ठेवा नाहीतर काढा, तो बुडबुडा तुमच्या जाळीत नाहीच. घरातला अर्धवट आकडा वाहून जातो आणि आपण म्हणतो हवा गेली. २००९ सालचा चढत्या बुडबुड्याचा तौलनिक अभ्यास आठवा. तीन गट, एकच बुडबुडा, दोनच मिती. सोप्या प्रकारात तिघांची उत्तरं जुळली. अवघड प्रकारात शेपटी तुटायला लागली आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं झालं. तिथे तर एकच बुडबुडा होता, इथे हजारो.

म्हणून माझा आग्रह: संगणकाला खिसा किती लांब हे विचारा. तो किती वेळात जाईल हे विचारू नका.

तापीची लेक
शनिवार, दुपारी २.५०

खिशाची लांबी आधी, हे मान्य. वेळ अजिबात विचारू नका, हे नाही. जाळी तीन वेळा बारीक करून वेळ कुठल्या दिशेला सरकते एवढं तरी कळतं.

केळीवाला रावेर
शनिवार, सायंकाळी ७.१५

दोघांचं वाचलं. सगळं समजलं नाही, पण बरंच समजलं.

माझ्याकडे सात एकर केळी ठिबकवर. आमची रात्रीची लाईट असते तेव्हा आठ-दहा शेतकऱ्यांच्या मोटारी ऑटोवर एकदमच सुरू होतात. व्होल्टेज पडतं, मोटार कण्हते, पाणी कमी फेकते. माझ्याही लाईनचा अनुभव असा की दिवसा दमदार पाणी असलं की एअर वॉल्व फुसफुसून लवकर शांत होतो. रात्री मात्र तासभर थुंकत राहतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेल्यावरही तसंच. शिवाय फूट वॉल्वपर्यंत, म्हणजे विहिरीतल्या पाईपच्या खालच्या तोंडापर्यंत, पाणी आलं की वर भोवरा पडतो आणि लाईन नवी हवा ओढते.

मी ऑटो काढून टाकलाय. हेड वॉल्व (मोटारीपाशी लाईनच्या सुरुवातीचा) पाव उघडा ठेवून मोटार सुरू करतो, लाईन भरली की पूर्ण उघडतो. रात्री दोनला उठावं लागतं, पण चार वर्षांत पाईप फुटला नाही.

गिरणेचा पाट
शनिवार, रात्री ८.४०

केळीवाला काका, तुमच्या प्रतिसादाने डोकं लख्ख झालं! मी सगळं गणित ०.९५ मीटर वेगाने करत होतो. तो वेग मी दिवाळीत मोजला होता, २०० लीटरचा ड्रम २५ सेकंदांत भरला म्हणजे सेकंदाला ८ लीटर. आत्ता वडिलांना फोन करून ड्रम लावायला सांगितला. ४० सेकंद लागले. सेकंदाला ५ लीटर, वेग ०.६ मीटर.

गुरुत्व आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ माझ्या पाईपला बरोबर सेकंदाला १ मीटर येतं. बेंजामिन यांच्या १९६८ च्या सिद्धांताप्रमाणे आडव्या पाईपात हवेचं नाक पाण्यात त्याच्या ०.५४ पटीने घुसतं. उतारावर हवा परत वर चढायला याहून जास्त जोर करते. म्हणजे ०.९५ ला पाणी जिंकत असेल आणि ०.६ ला बरोबरी. मार्च ते मे का, याचं उत्तर इथे आहे.

पांझराकाठ
रविवार, सकाळी ७.३०

विषयांतर होतंय, पण सरकत्या हद्दीवरून आमच्याकडची फड सिंचनाची पद्धत आठवली, लिहिल्याशिवाय राहवत नाही. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे बांधून पाटाने पाणी फडात न्यायची पद्धत आहे. मोटार नाही, पाईप नाही, सगळा उताराचा खेळ. पाटकरी कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडायचं ते सांभाळतो. लहानपणी आजोबांबरोबर बंधाऱ्यावर बसायचो. पाणी थोडं असलं की बंधाऱ्याच्या भिंतीला चिकटून खाली उतरायचं. वाढलं की भिंत सोडून पडद्यासारखं पुढे उडी मारायचं, मागे पोकळी. आजोबा म्हणायचे, पाण्याले वारा भेटना, म्हणजे पाण्याला वारा मिळाला. हे पण तुमच्याच विषयातलं का?

तापीची लेक
रविवार, सकाळी ९.१०

तुमच्या आजोबांना नमस्कार. तंतोतंत आमचा विषय. पडद्यामागच्या पोकळीतली हवा पाणी सतत ओढून नेत असतं. ती बाजूने परत आली नाही तर पोकळीतला दाब पडतो आणि पडदा भिंतीकडे खेचला जातो, कधी फडफडतो. संगणकावर सांडवा चालवताना नवखे लोक पडद्यामागे हवा यायला वाटच ठेवत नाहीत आणि पाणी भिंतीला का चिकटतंय म्हणून आठवडाभर डोकं धरून बसतात. मीही बसले होते.

चाळीसगावकर
रविवार, सकाळी ९.४८

हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खाली जो पांढराशुभ्र फेस दिसतो, त्यातही हवेचाच भाग का? आणि तो संगणकात धरता येतो?

गणितवेडा
रविवार, सकाळी १०.१५

हो, पांढरेपणा हवेच्या बुडबुड्यांचा. तिथे हद्द बुडबुड्यागणिक धरत नाहीत. पाण्यात किती टक्के हवा मिसळली एवढंच प्रत्येक घरात सरासरीने मोजतात. मोठ्या पृष्ठभागाला व्हीओएफ आणि फेसाला सरासरी असं जोडकाम करतात.

संपादक मंडळ
रविवार, सकाळी ११.००

फड पद्धतीवर वेगळा धागा काढावा ही विनंती, इथे हरवून जाईल. पांझराकाठ, तुम्हीच काढा.

जुना फिटर
रविवार, दुपारी ४.२५

नमस्कार. मी शिकलेला नाही फार, नातीने टाईप करून दिलं. जामनेर ते शिरपूर चाळीस वर्षं पाईपलाईन टाकल्या.

पोरा, तुझा एअर वॉल्व बांधाच्या माथ्यावर आहे म्हणतोस. मातीचा माथा का पाईपचा? चारी खोदणारा जेसीबी जमिनीच्या वळणाने जात नाही, त्याला दगड लागला की उथळ खोदतो, माती लागली की खोल. मी कित्येक लाईनी बघितल्या, वॉल्व एका जागी आणि पाईपची खरी उंची पाच-दहा हात पुढे. वॉल्व खोटा नसतो, जागा खोटी असते.

लेव्हलची नळी घे, गवंड्याची असते ती. बांधाच्या अलीकडून पलीकडे दर दोन मीटरला पाईपपर्यंत खड्डा कर आणि पाईपच्या डोक्याची उंची मोज. मग उताराच्या बाजूला दर दोन मीटरला सॅडल (पाईपला आवळायची पकड) बसवून अर्धा इंची कॉक लाव. पाणी चालू असताना एकेक कॉक नुसता किंचित उघडून लगेच बंद कर. फुस्स झालं तर खाली हवा. पिचकारी आली तर पाणी. उघडा ठेवू नको, नाहीतर तीच हवा काढून टाकशील आणि म्हणशील हवा नव्हती.

गणितवेडा
रविवार, दुपारी ४.४०

काका, हद्द शोधायचं यापेक्षा स्वच्छ उपकरण मला सुचलं नसतं. धागाकर्ता, हे कराच.

तापीची लेक
रविवार, दुपारी ४.४३

+१. आणि तुम्ही संगणकात पाईपचा आकार कुठून घेतलात?

गिरणेचा पाट
रविवार, दुपारी ५.१०

बांधाच्या आकारावरून. जमिनीखाली सगळीकडे अडीच फूट धरून. आत्ता मिळेल ती गाडी पकडून गावी निघतोय.

गिरणेचा पाट
पुढचा शनिवार, रात्री १०.२०

आठवडाभर गावी होतो. सगळं लिहितो.

जुना फिटर काका बरोबर. पाईपचा माथा एअर वॉल्वपासून ६ मीटर पुढे निघाला, शेताच्या बाजूला. जमीन तिथे उतरायला लागलेली, पण खाली मुरूम कठीण असल्यामुळे चारी उथळ राहिलेली. वॉल्व अजून चढावरच होता. पाणी हवेला त्याच्यापुढून ढकलून माथ्यावर नेऊन बसवायचं आणि वॉल्व मोकळाच. वडील खड्ड्यात उतरून किती तरी वेळ पाईपकडे बघत उभे होते. ही लाईन त्यांनी कर्ज काढून टाकली होती.

खऱ्या माथ्यापासून उताराच्या बाजूला ०, २, ४ आणि ६ मीटरवर चार कॉक बसवले. कॉक उघडायच्या आधी संगणक चालवून ठेवला, नाहीतर उत्तर बघून गणित जुळवल्यासारखं झालं असतं. आकार नव्या मोजमापाचा, तीन मिती, ४ मिमीची घरं, हद्दीला आयसोॲडव्हेक्टर, पृष्ठताण ठेवून एकदा आणि काढून एकदा. प्रवाह ५ लीटरचा आणि ८ लीटरचा.

५ लीटरला संगणक म्हणाला, खिसा माथ्यावर सुरू होतो आणि शेपटी ४ आणि ६ मीटरच्या मधे. पृष्ठताण असो वा नसो, शेपटीच्या जागेत फरक हातभराचा. शेतावर रात्रीच्या लाईटला कॉक उघडले. पहिला फुस्स. दुसरा फुस्स. तिसरा फुस्स. चौथ्यातून पाणी, पण मधे मधे बुडबुडे थुंकत. तासाभराने पुन्हा तेच. वडिलांनी टॉर्च धरला होता, त्यांना विचारलं नव्हतं तरी म्हणाले, हद्द तिसऱ्या-चौथ्याच्या मधे आहे.

८ लीटरला, दिवसा विहिरीत पाणी साठवून घेऊन, संगणक म्हणाला ५० सेकंदांत माथा मोकळा. खरी लाईन मोकळी व्हायला अकरा मिनिटं लागली. पहिला कॉक शेवटपर्यंत फुसफुसत होता.

गणितवेडा
पुढचा शनिवार, रात्री १०.४१

लांबी जुळली, वेळ नाही. शेपटीकडचे बुडबुडे ४ मिमीच्या घरात नव्हते. पण तुम्ही आधी गणित चालवून मग कॉक उघडलेत, याबद्दल मनापासून अभिनंदन. हे फार थोडे जण करतात.

तापीची लेक
पुढचा शनिवार, रात्री ११.०२

वेळेबद्दल मी हरले नाही अजून. फक्त शेपटीच्या अर्ध्या मीटरला १ मिमीची घरं करा, बाकी ४ मिमीच राहू द्या. ५० सेकंदांची ९० झाली तरी दिशा कळेल. अकरा मिनिटं येणार नाहीत, ते मलाही माहीत आहे. उतारावरून खाली गेलेले काही बुडबुडे परत वर चढून खिशाला मिळतात, त्यांचाही हिशेब लागतो.

आणि ६ मीटरच्या कॉकमधून जे थुंकत होतं, तेच ते बुडबुडे. तुमच्या प्रकल्पाचं पुढचं प्रकरण तिथे आहे.

केळीवाला रावेर
रविवार, पहाटे ५.५०

वॉल्व हलवला का रे? का नुसता अभ्यास?

गिरणेचा पाट
रविवार, सकाळी ७.०५

हलवला काका. वडील म्हणाले आधी लाईन, मग शिक्षण. खऱ्या माथ्यावर नवा एअर वॉल्व बसवला, त्याच्याखाली बॉल वॉल्व ठेवलाय, म्हणजे मोजमापापुरता तो बंद करता येईल. ऑटो काढला. हेड वॉल्व पाव उघडा ठेवून सुरुवात, तुमच्या पद्धतीने. काल रात्री वॉल्व चार मिनिटं फुसफुसला आणि शांत झाला. आई घरातून ऐकत होती.

एक्सेलमधला दांडा-स्प्रिंगचा हिशेब कोणाला हवा असल्यास सांगा. आपल्या लाईनची लांबी, व्यास आणि बांधाची जागा भरली की दाबाचा झोका दिसतो.

ठिबकवाला
रविवार, सकाळी ७.३०

मला हवाय.

पांझराकाठ
रविवार, सकाळी ७.३२

माले बी.

जुना फिटर
रविवार, दुपारी १२.१०

पोरा, चौथा कॉक अजून थुंकतोय म्हणजे त्याच्यापुढेही बघायला हवं. आणखी दोन लाव, ८ आणि १० मीटरवर. ११० चे सॅडल माझ्याकडे पडलेत. पाचोऱ्याला आलास की घेऊन जा.